स्पीकरची तार : किंमत पाहावी की जाडी?

शाळेसाठी स्पीकरची तार घेताना दुकानदार ‘ऑक्सिजनमुक्त तांब्या’ची महागडी तार सुचवतो. ती घ्यावी का? ओहमच्या नियमाने हिशेब करून पाहू.

१ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. ऑक्सिजनमुक्त तांब्यात तो जेमतेम एखाद्या टक्क्याने कमी भरतो. जाडीचा परिणाम मात्र मोठा आहे.

स्पीकर २० मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून तार ४० मीटर होते. काटछेद ०.५ चौरस मिलिमीटर असल्यास तिचा रोध सुमारे १.४ ओहम येतो. हा रोध ८ ओहमच्या स्पीकरशी एकसर जोडणीत असतो. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचे विभवांतर तेच राहिले, तरी स्पीकरला मिळणारी शक्ती पाव भागाहून अधिक घटते. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तार वापरल्यास ही घट ७ टक्क्यांच्या आत राहते.

म्हणून पैसे जाडीसाठी खर्च करावेत. तार अस्सल तांब्याची आहे ना, हेही पाहावे. तांब्याचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध तेवढ्याच जाडीला सुमारे दीडपट असतो. आपल्या शाळेच्या मैदानाचे अंतर मोजून हा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्या.