काटकसर कोणाची, भार कोणावर?

सरकारी खर्चातील कपात हा विषय अर्थतज्ज्ञांचा आणि राजकारण्यांचा, असे मानून आपण वैद्यक व्यवसायातील मंडळी बहुधा त्यापासून दूर राहतो. परंतु या कपातीचा अखेरचा हिशेब मंत्रालयात होत नाही. तो बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपाशी आणि औषधांच्या दुकानात होतो. म्हणूनच आपल्या स्मरणिकेत त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

१९९१ साली देशावर परकीय चलनाचे संकट ओढवले आणि वित्तीय तूट कमी करणे हे सरकारचे प्रमुख उद्दिष्ट ठरले. आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असल्याने ओढाताणीची खरी झळ राज्यांना बसली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच याची कबुली आहे. १९९० साली आरोग्यावरील सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३ टक्के होता, तो १९९९ साली ०.९ टक्क्यांवर आला. राज्यांच्या अंदाजपत्रकांतील आरोग्याचा वाटा ७ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर घसरला. मात्र या दशकात कोणी मंत्र्याने 'आम्ही रुग्णांचा पैसा कमी करीत आहोत' असे जाहीर केल्याचे मला स्मरत नाही.

हे घडते कसे, ते पाहू. राज्याच्या महसुली खर्चात वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज ही तीन कलमे सहसा कापता येत नाहीत. पाचव्या वेतन आयोगानंतर तर वेतनाचा बोजा चांगलाच वाढला. मग उरते काय? औषधे, क्ष-किरण फिल्म, यंत्रांची देखभाल, इमारतींची डागडुजी आणि रिक्त पदे. वेतन थकले तर संघटना संपावर जातात. व्याज थकले तर राज्याची पत जाते. मलमपट्टीचे सामान संपले तर कोणीही मोर्चा काढत नाही. कपातीचे राजकारण ते हेच: ज्याचा आवाज क्षीण, त्याचे कलम आधी कापले जाते. शिवाय अंदाजपत्रकात मंजूर झालेली रक्कम मार्चच्या तोंडावर हाती पडली, तर ती खर्च न होताच परत जाते. कागदावर तरतूद राहते आणि कपाट रिकामेच राहते.

तरुणपणी एका सरकारी रुग्णालयात काम करताना 'बाहेरून आणा' हे दोन शब्द मी दिवसातून कितीदा उच्चारले असतील, याची गणती नाही. सरकारच्या वहीत ती बचत होती. रुग्णाच्या घरी तेच सावकाराचे कर्ज होते. खर्च नाहीसा झालाच नव्हता; तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता, आणि दुसरा खिसा अधिक फाटका होता.

या टंचाईवरचा एक बहुचर्चित उपाय आपल्या इंदुरातच जन्मला. १९९४ साली महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदीर हटविण्याची आणि स्वच्छतेची मोठी मोहीम झाली. त्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली. रुग्णांकडून माफक शुल्क घ्यावे, ते सरकारी तिजोरीत न जाता रुग्णालयातच राहावे आणि स्थानिक समितीने ते खर्च करावे, अशी ही योजना. ती मध्य प्रदेशभर पसरली आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर स्वीकारली. तिचे गुण मी नाकारीत नाही. बंद पडलेले यंत्र भोपाळच्या मंजुरीची वाट न पाहता दुरुस्त होऊ लागले, हे थोडे नव्हे. तथापि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सूट असली, तरी गरिबी सिद्ध करण्याचे ओझे रुग्णावरच पडते; आणि रेषेच्या किंचित वर असलेल्या हातगाडीवाल्याकडे दाखवायला कागदच नसतो. दुसरे असे की देखभाल ही एकदाची मोहीम नसून दरवर्षीचा खर्च असतो. २०२५ साली त्याच रुग्णालयात दोन नवजात अर्भकांना उंदरांनी चावा घेतला, तेव्हा याची फार कटू आठवण झाली.

लहानशा शुल्काने रुग्ण किती मागे हटतो, याचा पुरावा केनियातून मिळतो. १९८९ च्या अखेरीस तेथे सरकारी दवाखान्यांत शुल्क सुरू झाले. नैरोबीतील गुप्तरोगांच्या एका मुख्य दवाखान्यात पुरुष रुग्णांची उपस्थिती पूर्वीच्या ४० टक्क्यांवर, तर स्त्रियांची ६५ टक्क्यांवर आली. रोग कमी झाला नव्हता. केवळ नोंद कमी झाली होती. १९९० साली ते शुल्क स्थगित करावे लागले.

त्यानंतर आपल्याकडचे चित्र काहीसे पालटले, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात रुग्णांच्या खिशातून जाणारा वाटा २००४-०५ मध्ये ६९.४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्क्यांपर्यंत चढला. पण ते कोविडचे वर्ष होते, आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत गाठावयाचे लक्ष्य २.५ टक्के ठेवले होते.

आपण डॉक्टर काय करू शकतो? घोषित तरतूद नव्हे तर प्रत्यक्ष खर्च विचारावा. त्यातील औषधांचा आणि देखभालीचा वाटा वेगळा मागावा. सरकारी सेवेतील सहकाऱ्यांनी औषध नसल्याची नोंद लेखी ठेवावी, कारण तोंडी 'बाहेरून आणा' कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. काटकसर करावयाची नाही असे माझे म्हणणे नाही. ती कोणाच्या नावे होते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे उघडपणे लिहिले जावे, एवढेच मागणे आहे. रुग्णाला ते लिहिता येत नाही; आपल्याला येते.