गादी सोडावी केव्हा, आणि सोडल्यावर करावे काय?

सरकारी नोकराच्या निवृत्तीची तारीख तो नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरलेली असते. ५८ किंवा ६० वर्षे भरली की हार-गुच्छ, चार भाषणे आणि सेवेच्या नियमाप्रमाणे जे मिळायचे ते हातात. आम्हा व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे तसे नाही. आमच्या निवृत्तीचा हुकूम कोणी काढत नाही. काढलाच तर डॉक्टर काढतो, नाहीतर थेट मलकुल मौत. म्हणूनच आमच्या बाजारात सत्तरीचे बुजुर्ग गल्ल्याच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेले दिसतात, आणि चाळिशीचा मुलगा, ज्याची स्वतःची मुले कॉलेजात जातात, तो अजून 'अब्बांना विचारून सांगतो' म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो.

वडिलांचा मान राखणे हे आपल्या घरांचे वैभव आहे. ते कमी व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. पण मान राखणे वेगळे आणि धंदा अडकून पडणे वेगळे. शिवाय प्रश्न केवळ धंद्याचा नाही, त्या बुजुर्गांच्या आयुष्याचाही आहे. कपड्याच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली, आणि आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडलेली आहे. या काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि मुंबईच्या पेठांतून आम्ही जे पाहिले त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, गादी सोडणे म्हणजे काम सोडणे नव्हे. गादी सोडणे हेच एक मोठे काम आहे. ते जो शांतपणे, वेळेवर आणि लिहून-सवरून करतो, त्याच्या पुढच्या वर्षांना आपोआप अर्थ येतो. जो टाळतो, त्याचे शेवटचे दिवसही जातात आणि मागे राहणाऱ्यांचा सलोखाही जातो.

गादी का सुटत नाही?

कारणे तीन आहेत. पहिले पैशाचे. नोकरदाराला महिन्याच्या महिन्याला काहीतरी मिळत राहते. आपल्याकडे दुकान हेच पेन्शन, आणि गल्ला हातून गेला की मुलापुढे हात पसरावा लागेल ही भीती. दुसरे कारण इज्जतीचे. बाजारात सलाम आपल्याला होतो की आपल्या गादीला, हे गादीवरून उठल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळून घेण्याची हिंमत होत नाही. तिसरे कारण भरवशाचे. 'मुलगा उधारी वाटून बसेल, सूत महाग घेऊन बसेल' असे प्रत्येक बापाला वाटते. पण ज्याला कधी खरेदीला पाठवलेच नाही, तो भाव शिकणार कोठे?

या बाबतीत आपल्याच राज्यातून उभ्या राहिलेल्या एका घराण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ साली त्यांचे अचानक निधन झाले. मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत शिकत होता, वय अवघे २१. त्याला शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्याच कारखान्याची पुढे विप्रो कंपनी झाली. २०१९ साली जुलै महिन्यात अझीम प्रेमजी यांनी अध्यक्षपद सोडले ते आधी जाहीर करून, मुलगा रिशाद याला कंपनीत वर्षानुवर्षे तयार करून, आणि आपल्या भागभांडवलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा शिक्षणाच्या कामाला लावून. एकाच घराण्यात गादी दोनदा बदलली. एकदा मृत्यूने बदलली, एकदा माणसाने विचार करून बदलली. पहिल्या वेळी अल्लाहने निभावून नेले. पण प्रत्येक घरात एकवीस वर्षांचा मुलगा तसा निभावून नेईलच असे नाही.

पहिले काम : लिहून ठेवणे

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत ही देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. तरीही आपल्या बाजारातली निम्मी उधारी बुजुर्गांच्या डोक्यात असते. कोणाकडे किती, कोणाचा चेक ठेवलेला, कोणत्या दलालाशी काय बोलणे झालेले, कोणाचे दागिने अमानत म्हणून तिजोरीत, हे सारे एका माणसाच्या आठवणीवर चालते. तो माणूस गेला की येणे बुडते, आणि देणे मात्र दारात उभे राहते. म्हणून निवृत्तीची सुरुवात एका वहीने करावी. एका बाजूला येणे, दुसऱ्या बाजूला देणे, शेवटी अमानती, आणि खाली दोन साक्षीदार.

त्यानंतर कायद्याची बाजू. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर लक्षात ठेवावे की जीएसटीचा नंबर पॅनशी बांधलेला आहे. तो वारसाहक्काने मुलाकडे जात नाही. मुलाला नवीन नोंदणी करावी लागते आणि शिल्लक टॅक्स-क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने वळवावे लागते. मालकाच्या मृत्यूनंतर बँकेचे चालू खातेही वारसांची कागदपत्रे होईपर्यंत थांबते. नेमक्या त्याच आठवड्यात सूतवाल्याचा हप्ता आणि मजुरांची पगारवाटप असते.

दुकान भागीदारीत असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. भागीदार निवृत्त झाला तरी जोपर्यंत तशी जाहीर नोटीस दिली जात नाही, तोपर्यंत बाहेरच्या लोकांच्या देण्याची जबाबदारी त्याच्या मानेवर राहू शकते. नोंदणी झालेल्या फर्मच्या बाबतीत ही नोटीस निबंधकाकडे, सरकारी राजपत्रात आणि त्या भागातील एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. 'घरचीच भागीदारी आहे, नोटीस कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वकिलाकडून एकदा समजावून घ्यावे.

इंतजाम वेगळा, मालकी वेगळी

आता सर्वांत नाजूक गोष्ट. ज्या मुलाला धंद्याची समज आहे त्याच्या हातात इंतजाम द्यावा, यात गैर काही नाही. पण इंतजाम देता देता गुपचूप मालकीही त्याच्या नावे करून बाकीच्या मुलांना, आणि विशेषतः मुलींना बाजूला सारायचे, ही चाल आपल्या बाजारात फार पसरली आहे. 'मुलींना लग्नात दिले' हे उत्तर शरीअतला मान्य नाही. त्यांचा हिस्सा कुरआनने ठरवलेला आहे.

हयातीत द्यायचे असेल तर हिबा आहे. त्यात देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे, तिन्ही गोष्टी लागतात. नुसत्या कागदाने हिबा पुरा होत नाही. मुलांमध्ये देताना बरोबरी राखण्याविषयी हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांचा प्रसंग हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. एकाच मुलाला दिलेल्या देणगीवर साक्षीदार होण्यास प्रेषित (स.) यांनी नकार दिला होता. वसीयतीची मर्यादा एक तृतीयांश, आणि तीही वारस नसलेल्यांसाठी. वारसाच्या नावे वसीयत केली तर बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय ती चालत नाही.

त्याचबरोबर सर्वस्व वाटून रिकामेही होऊ नये. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांनी मोठा हिस्सा खैरात करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा त्यांना एक तृतीयांशावर थांबवण्यात आले, आणि तेही पुष्कळ आहे असे सांगण्यात आले. हीच सावधगिरी स्वतःच्या म्हातारपणासाठीही राखावी. राहते घर, पती-पत्नीच्या दवापाण्यापुरते उत्पन्न आणि हजचा खर्च आपल्या हाती राहू द्यावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. म्हणून अट कागदात स्पष्ट लिहावी. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे, पुढे शब्दाला शब्द लागू नये म्हणून.

कारागिराची निवृत्ती

व्यापाऱ्याची गादी तरी असते. कारागिराजवळ फक्त हात आणि डोळे. साच्याच्या खडखडाटात वर्षे काढलेल्या विणकराला पन्नाशीतच ऐकू कमी येते, डोळ्यांना तुटलेला धागा दिसत नाही, आणि मालक दुसरा माणूस बघतो. २०१९ साली केंद्र सरकारने असंघटित कामगारांसाठी साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शनची योजना काढली, पण तिच्यात नाव घालण्याची वयोमर्यादा १८ ते ४०. म्हणजे म्हातारपणाची सोय तरुणपणीच करावी लागते. वयस्क कारागिराने निदान आपल्या मुलाला आणि शागिर्दांना अशा योजनांची माहिती घ्यायला लावावे. आमच्या कारखानदार बंधूंनीही आपल्या कामगारांची विचारपूस या दृष्टीने करावी.

पण कारागिराजवळ एक दौलत अशी आहे की जी कोणत्याही वारसाहक्कात येत नाही. सुताला बोट लावून पीळ कमी की जास्त हे सांगणारा माणूस, साच्याच्या आवाजावरून धोटा कोठे अडतो हे ओळखणारा जॉबर, कापड उजेडाकडे धरून फणीचा दोष दाखवणारा विणकर, हे इल्म कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. रेपियर आणि एअरजेट साचे आले तरी सूत तेच आहे आणि कापडातले दोषही बहुतांश तेच आहेत. आमच्या ओळखीचे एक जॉबर हात थरथरू लागल्यावर घरी बसले होते. आता ते आठवड्यातून तीन दिवस एका कारखान्यात खुर्ची टाकून बसतात. हत्याराला हात लावत नाहीत. पोरे साचा खोलतात आणि हे फक्त विचारतात, 'आता कोणता नट आधी?' मालक त्यांना मेहनताना देतो, पोरे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावरची रौनक पाहण्यासारखी आहे. माणूस गेल्यावरही ज्या तीन गोष्टींचा सवाब चालू राहतो असे हदीसमध्ये आले आहे, त्यात लोकांना उपयोगी पडणारे इल्म हीही एक आहे. आमच्या समजुतीप्रमाणे हलाल रोजीचा हुनर त्या इल्मच्या बाहेर नाही.

रिकाम्या वेळेचे काय?

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्याचे कापड व्यापारी होते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावे. त्यांचे दुकान भागीदाराच्या हाताने चालत असे आणि ते स्वतः दर्सच्या हलक्यात बसत. दुकानाच्या नफ्यातून ते आलिमांच्या आणि गरीब शागिर्दांच्या गरजा भागवत. धंदा दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे निकामी होणे, हा समज चुकीचा ठरवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आजच्या बाजारात गादीवरून उठलेल्या माणसाला कामे कमी नाहीत. उधारीच्या भांडणात दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला सालिस मिळत नाही, म्हणून तीस-चाळीस हजारांसाठी लोक वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतात. मस्जिद आणि मदरशाचे हिशेब वेळेवर लिहून ऑडिट करून घेणारे हात कमी पडतात. शिलाईकाम करणाऱ्या विधवा भगिनींना कापड कोठे स्वस्त मिळते आणि बिल कसे करावे हे सांगणारा कोणी नसतो. शाळेच्या मुलांना सुट्टीत रोजमेळ आणि खतावणी शिकवली तर त्यातून उद्याचे प्रामाणिक व्यापारी निघतील. कर्जे-हसनाचा छोटा निधी चालवायला पैसा जमतो, पण वसुलीसाठी गोड बोलणारा अनुभवी माणूस मिळत नाही. ही सारी कामे ज्याने आयुष्यभर माणसे ओळखली त्याचीच आहेत.

एक सूचना हजविषयी. 'गादी सोडली की हज करू' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ऐपत झाली की फर्ज लागू होतो, म्हातारपण आल्यावर नव्हे. आणि मिना, अराफात, मुज्दलिफा या ठिकाणची चाल गुडघे धड असतानाच झेपते.

आणि गादीवर पुन्हा गेल्यास?

जावे, जरूर जावे. मुलाने बोलावले तर जावे, विचारले तर सांगावे. पण गिऱ्हाइकासमोर मुलाचा भाव तोडू नये, आणि जुन्या नोकरांकडून दुकानातली खबर काढू नये. मुलाने एखाद्या सौद्यात नुकसान केले तर ती त्याची फी समजावी. आपणही ती कधीतरी भरलेलीच असते. मुलांनीही ध्यानात ठेवावे की, सल्ला विचारायला गेलेला मुलगा बापाला जी इज्जत देतो, ती हजार रुपये हातखर्चाने येत नाही.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकजण जकातीसाठी रमजानमध्ये वर्षाचा हिशेब करतात. स्टॉक मोजला जातो, येणे-देणे काढले जाते. येत्या रमजानमध्ये त्या कागदाशेजारी दुसरा एक कागद ठेवावा. त्यावर तीन ओळी लिहाव्यात : गादी कोणत्या वर्षी सोडणार, कोणाच्या हाती इंतजाम देणार, आणि आपला हुनर कोणाला शिकवणार. त्या कागदावर घरातल्या सर्वांसमोर, मुलींसमोरही, सही करावी. अल्लाह तआला आपणा सर्वांना हयातीत आपल्या अमानती हक्कदारांपर्यंत पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.