सडक्या अंड्याच्या वायूवर झेंडूचा उतारा

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीत सोडलेली झेंडूची फुलं सुरतेला पोचतात, असं म्हणायचं. खरं तर बहुतेक पहिल्याच वळणावर अडकतात. पुराणांनी तापीला सूर्याची लेक ठरवलंय. ऊन आणि पाण्याचं हे नातं प्रयोगशाळेत जुळवण्याची खटपट गाजली ती १९७२ साली. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्यातून हायड्रोजन काढला. पण या पदार्थाला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के.

पुण्याच्या सी-मेट संस्थेतल्या डॉ. भारत काळे यांनी कोरियन सहकाऱ्यांबरोबर वेगळी वाट धरली. पाण्याऐवजी त्यांनी घेतला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा घाण वास मारणारा विषारी वायू. एक मोल पाणी फोडायला किमान २३७ किलोज्यूल ऊर्जा लागते, याला अवघी ३३च्या आसपास. २००६ साली त्यांनी प्रकाशात हा वायू फोडणारे, कॅडमियम, इंडियम आणि गंधकाच्या संयुगाचे कण जगापुढे ठेवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर थेट झेंडू! शोधनिबंधाच्या शीर्षकातही झेंडूच आहे.

ही नुसती नक्षी नव्हे. प्रकाश पडला की कणातला इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे पोकळी राहते. पृष्ठभाग गाठण्याआधीच दोघं पुन्हा भेटले, तर मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पाकळी जितकी पातळ, तितकी ही वाट आखूड. पृष्ठभागावर पोचलेला इलेक्ट्रॉन हायड्रोजन घडवतो, पोकळी गंधक मोकळा करते. ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात सुमारे १७ टक्के क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचा वाटा, मिळाली.

हुरळून जायचं कारण नाही. कॅडमियम विषारी आणि सल्फाइडं प्रकाशात झिजतात. पाण्याच्या बाबतीत तर जपानमध्ये १०० चौरस मीटर पॅनेल उन्हात मांडूनही उन्हातल्या ऊर्जेचा हायड्रोजन करण्याची कार्यक्षमता फार तर ०.७६ टक्क्यांवर गेली. हा निकाल २०२१चा. म्हणून मला आधी हा दुर्गंधी वायूच हाताळणं शहाणपणाचं वाटतं. तो फुकट आहे आणि नकोसाही.

शिवाय तो तापीकाठीच आहे. नदीच्या मुखाशी, हजिऱ्याला, ओएनजीसीचा प्रकल्प मुंबईलगतच्या समुद्रातून आलेल्या नैसर्गिक वायूतून हायड्रोजन सल्फाइड वेगळा काढतो. अशा प्रकल्पांच्या रूढ प्रक्रियेत गंधक तेवढा हाती लागतो. हायड्रोजनचं पाणी होतं.