परसातील कोंबडी आणि उबवणीचे स्थलांतर

महाराष्ट्रातील परसातील कोंबडीपालनाचा, म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत पाच-दहा कोंबड्या सोडून त्यांच्या अंड्या-पिल्लांतून घरखर्चाला हातभार लावण्याच्या पद्धतीचा, गेल्या सुमारे शंभर वर्षांचा इतिहास बहुधा अंड्यांच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. त्या आकड्यांत न दिसणारा बदल असा, की पिल्लू जन्माला घालण्याचे काम या काळात घराबाहेर गेले आणि ते जगवण्याचे, तुलनेने अधिक जोखमीचे, काम मात्र घरातच, बहुतांशी घरातील बाईकडेच राहिले.

जुन्या पद्धतीत या दोन्ही कामांचा भार खुडूक कोंबडीवर असे. दहा-पंधरा अंडी घातल्यावर गावठी कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडी घालणे थांबते आणि ती जागा धरून बसते. या अवस्थेला खुडूक होणे म्हणतात. अशा कोंबडीखाली भुसा किंवा वाळू घातलेल्या टोपलीत, पिसवा व उवा लागू नयेत म्हणून चिमूटभर राख भुरभुरून, दहा-बारा अंडी ठेवली जात आणि टोपली घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली जाई. पुढचे 21 दिवस कोंबडी अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअसची ऊब देई, दिवसातून अनेकदा ती चोचीने फिरवी आणि दाणापाण्यासाठी थोडाच वेळ उठे. अंडी फिरवली नाहीत तर आतील गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून मरतो. पुढे उबवणी यंत्रात ट्रे कलते-पालथे करण्याची सोय करावी लागली ती यासाठीच. अनुभवी बायका आठवडाभराने अंडे दिव्यासमोर धरून पाहत. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर अंडे फलित, स्वच्छ दिसले तर ते काढून स्वयंपाकाला. उन्हाळ्यात अंडी नासतात हेही त्यांना ठाऊक होते. त्याचे कारण असे, की साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि पुरेशी, स्थिर ऊब न मिळाल्याने तो मरतो. विदर्भ-मराठवाड्यात उबवणीसाठी हिवाळाच योग्य ठरतो तो म्हणून.

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. पण हा हिशेब नीट मांडला जात नाही. अंडी घालण्याचे दोन-तीन आठवडे, उबवणीचे तीन आणि पिल्लांना पंखाखाली घेऊन हिंडण्याचे सहा-आठ आठवडे असे चक्र वर्षातून तीन-चार वेळा फिरते, म्हणजे तिच्या वर्षाचा मोठा भाग अंडी घालण्यात नव्हे तर पिढी तयार करण्यात जातो. या कामाला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

त्या पद्धतीचा खरा दोष निराळा होता. उबलेल्या पिल्लांपैकी बरीच घार, मुंगूस, मांजर आणि पावसाळी ओल यांनी जात, आणि जी उरत ती मानमोडीत. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, मान वाकडी होऊन आणि हिरवट हगवण लागून कळपच्या कळप संपवणारा विषाणुजन्य आजार. 1926 मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो प्रथम नोंदला गेला आणि त्यानंतर लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्याने भारतात त्याला ते नाव मिळाले. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत यावरची लस तयार झाली आणि पुढे लहान पिल्लांसाठी सौम्य, मोठ्या पक्ष्यांसाठी तीव्र अशा दोन टप्प्यांची पद्धत रुळली. तरीही परसापर्यंत ती पुरती पोचली नाही. लशीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची, ती बर्फात न्यावी लागते आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या घरी बारा पिल्ले आहेत त्या घराने ती एकट्याने आणणे व्यवहारात बसत नाही. लस देण्याचे काम गावाने एका दिवशी मिळून केले तरच ते जमते, आणि हे संघटन लशीच्या शोधापेक्षा अवघड ठरले.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने वाट निवडली ती जात सुधारण्याची. पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालू झाली आणि रोड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प यांसारख्या परदेशी जातींचे नर व पिल्ले खेड्यांत वाटली जाऊ लागली. उबवून बाहेर पडण्याआधी पिल्लू बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तगते. या एका गुणामुळे एक दिवसाचे पिल्लू खोक्यात घालून लांब पाठवता येते आणि सारा उबवणी उद्योग त्यावरच उभा आहे. 1971 पासून वेंकटेश्वर हॅचरीजसारख्या खासगी समूहांनी बंदिस्त शेडमधील अंडी व मांस उत्पादन इतके वाढवले की परसातील कोंबडी धोरणकर्त्यांच्या नजरेआड गेली. ती पुन्हा नजरेत आली ती गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या रंगीत पिसांच्या सुधारित पक्ष्यांमुळे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने खास परसासाठी तयार केलेले हे पक्षी वर्षाला शंभराच्या पुढे अंडी देतात आणि वजनातही भरतात. मात्र अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत खुडूकपणा मागे पडला, शिवाय संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत विखुरतात, त्यामुळे घरच्या अंड्यांतून तोच कळप पुन्हा उभा राहत नाही. कळप टिकवायचा तर दर काही काळाने केंद्राकडे जाणे आले.

आईवाचून आलेल्या पिल्लाला बल्ब लावून कृत्रिम ऊब द्यावी लागते. तिला ब्रूडिंग म्हणतात: पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश आणि मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटर नसले तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली दाटी केली तर थंडी, भिंतीकडे पळाली तर उष्णता जास्त. वीज मात्र हाती नव्हती. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन चाले, आणि रात्रीचा बल्ब विझला की पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरत. शासनाच्या तलंगा गट योजनेत, म्हणजे आठ ते दहा आठवड्यांच्या 25 तलंगा (अंडी घालू न लागलेल्या तरुण माद्या) आणि 3 नर देण्याच्या योजनेत, हा नाजूक काळ सरकारी शेडमध्येच पार पडतो. त्याच कार्यक्रमातील शंभर एकदिवसीय पिल्लांच्या गटात मात्र तो लाभार्थ्याच्या माथी येतो. लहान घरांचा विचार करता पहिली योजना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला तो व्यावसायिक फार्मांत, पण मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो परसातील कोंबड्यांतही सापडला. बाधित क्षेत्रातील पक्ष्यांबरोबर अंडीही नष्ट केली जातात. फार्ममालक नव्या पिल्लांची मागणी नोंदवू शकतो. परसात मात्र खुडूक होणाऱ्या कोंबड्यांची पिढीच तुटते आणि तसे पक्षी उबवणी केंद्रावर विकत मिळत नाहीत.

विसाव्या पशुगणनेत, 2019 साली, देशातील परसातील पक्षी सुमारे 31.7 कोटी भरले. 2012 च्या तुलनेत ही वाढ 46 टक्क्यांच्या आसपास होती, तर व्यावसायिक पक्ष्यांची साडेचार टक्क्यांची. या पक्ष्यांपैकी किती घरी उबले, याचा रकाना तिथेही नाही. विकतच्या पिल्लांना ऊब देण्याची अडचणही संपलेली नाही: एलईडी दिव्यांच्या प्रसारानंतर ब्रूडिंगसाठी लागणारे, उष्णता देणारे जुने तारेचे बल्ब मुद्दाम शोधून आणावे लागतात. अनेक घरांनी यावर मधला मार्ग काढला आहे: सुधारित कोंबडीची अंडी विकायची, एखाद-दोन गावठी कोंबड्या केवळ बसवण्यासाठी राखायच्या आणि केंद्रावरून आणलेली फलित अंडी त्यांच्याखाली ठेवायची. या व्यवस्थेत ब्रूडिंगचा खर्च वाचतो, आणि पिल्लांना घार दिसताच लपायला शिकवणारी आईही मिळते.