आंबोळीला सोडा नको, वेळ द्या

पिंपरी-चाकण पट्ट्यात पहिल्या पाळीचे अनेकजण चहा-बिस्किटावर घर सोडतात. अशा रुग्णांना मी कोकणातली आंबोळी सुचवितो. तीन वाट्या तांदूळ, वाटीभर उडीद डाळ व चमचाभर मेथी पाच-सहा तास भिजवून वाटावे व पीठ रात्रभर झाकून ठेवावे, थंडीत उबेला. धान्यावरचेच जिवाणू व यीस्ट ते फुगवतात. शिवाय लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते, म्हणून पंडुरोग्यांनाही आंबवलेले पीठ बरे. सोडा नुसता फुगवतो, वर सोडियम वाढवतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळावा. सकाळी मीठ-पाणी घालून पीठ सैल करावे व बिडाच्या तव्यावर पातळ पसरून झाकण ठेवावे. पिठावर बुरशी दिसल्यास ते फेकून द्यावे. मधुमेहींनी मात्र लक्षात ठेवावे, आंबला तरी तांदूळ तो तांदूळच! दोनच आंबोळ्या, सोबत उसळ.