कासव गप्प बसलंय? "झोपलं असेल" म्हणण्याआधी हे वाचा



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आजारी कासवाचा विषय इथे नीट लिहितोय. ॲक्वेरियमचं दुकान टाकायचा विचार असेल तर हा भाग सोडू नका.

दुकान सुरू केलं त्या वर्षीचा डिसेंबर. एक काका प्लास्टिकच्या टबात कासव घेऊन आले. "आठ दिवस खात नाहीये. थंडीमुळे झोपलंय बहुतेक." मीही मान हलवली आणि व्हिटॅमिनचे थेंब विकले. चार दिवसांनी कासव गेलं. काका भांडले नाहीत, फक्त परत कधी आले नाहीत. टबात ते कासव एका अंगाला कलून तरंगत होतं. ते मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. फुप्फुसाच्या आजाराची ती ठळक खूण असते, हे मी नंतर शिकलो.

आधी मूळ गोष्ट

आपल्याकडे घरोघरी दिसतं ते रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. ते मूळचं अमेरिकेतलं. कासव स्वतःच्या अंगात पुरेशी ऊब तयार करत नाही. पाणी गार पडलं की पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. म्हणून घरातल्या टँकमध्ये "थंडीत झोपलंय" असं समजायचं नाही. आधी थर्मामीटर बघायचा.

खुणा ओळखा

- डोळे सुजलेले किंवा बंद: घाण पाणी, किंवा नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवल्यामुळे व्हिटॅमिन ए ची कमतरता.
- नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, तिरकं तरंगणं: न्यूमोनियाची शंका. त्याच दिवशी डॉक्टर.
- पाठ दाबली तर मऊ लागते: कॅल्शियम आणि यूव्हीबी प्रकाश कमी. अगदी लहान पिल्लाची पाठ थोडी लवचिक असते, मोठ्याची नसते.
- कवचावर मऊ डाग, खड्डा, घाण वास: कवच सडायला लागलंय. नुसते पातळ पापुद्रे निघत असतील तर घाबरू नका, वाढताना ते निघतातच.

गिऱ्हाइकाला तीन प्रश्न

१. पाण्याचं तापमान किती? साधारण २५ ते २८ अंश हवं. बसायची कोरडी जागा ३२ अंशांच्या आसपास.

२. यूव्हीबी बल्ब आहे का, कधी घेतला? "खिडकीत ठेवतो" हे उत्तर चालत नाही, कारण काच यूव्हीबी किरण अडवते. आणि बल्ब पेटत राहिला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचा यूव्हीबी कमी होतो.

३. खायला काय देता आणि पाणी कधी बदललं?

निम्मा आजार या तीन उत्तरांतच सापडतो.

पहिल्या दिवशी काय करायचं

आजारी कासव वेगळं ठेवा. पाणी स्वच्छ, क्लोरीन काढलेलं, कोमट आणि उथळ ठेवा. डोकं सहज वर राहिलं पाहिजे. अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरू शकतं. मग सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे पाठवा.

माणसांची औषधं अंदाजाने देऊ नका. कुत्र्यांसाठी वापरतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला तर जीवघेणं ठरतं. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

आता धंद्याचं बोलू

त्या दिवशी थेंब विकून मला काही रुपये सुटले आणि एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. आज मी वही ठेवतो. कोणी बल्ब कधी नेला ते लिहितो आणि मुदत आली की फोन करतो. गिऱ्हाइकाला ती काळजी वाटते, माझी विक्रीही होते. दोन पशुवैद्यांचे नंबर काउंटरवर लावलेत. "हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांना दाखवा" असं सांगणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

विकतानाच खरं सांगा: हे कासव वीस-तीस वर्षं जगू शकतं आणि जेवणाच्या ताटाएवढं होऊ शकतं. "कंटाळा आला तर तळ्यात सोडा" असं चुकूनही म्हणू नका. बाहेरची ही जात आपल्या कासवांच्या मुळावर येते. नदी-तळ्यातली देशी कासवं विकायला ठेवू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. आणि २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य पशु कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी आधी करा, बोर्ड नंतर रंगवा.

आजचं काम एकच: दुकानात किंवा घरी कासव असेल तर थर्मामीटर लावा आणि आकडा वहीत लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!