आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आपले रसशास्त्र
पारद व गंधक यांचे मर्दन केले की कृष्णवर्ण कज्जली होते. तीच कूपीत भरून वालुकायंत्रात पचविली की रक्तवर्ण रससिंदूर हाती येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोहोंत मुख्यत्वे मर्क्युरिक सल्फाइडच असते, भेद स्फटिकरचनेचा. कज्जलीत बहुधा मोकळा गंधकही उरतो. रसशाळेतील प्रक्रियांकडे अशा दृष्टीने पाहण्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांत आचार्य प्रफुल्लचंद्र राय (१८६१-१९४४) अग्रगण्य होत.

एडिंबरो येथे १८८७ मध्ये डी.एस्सी. होऊन ते १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करू लागले. पाऱ्यावर थंड, विरल नायट्रिक आम्लाची क्रिया करीत असता त्यांना पिवळे स्फटिक दिसले. ते मर्क्युरस नायट्राइट होते. १८९६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि नायट्राइट संयुगांचा अभ्यास हे त्यांचे आयुष्यभराचे क्षेत्र ठरले.

परंतु वैद्यवर्गाला त्यांचे खरे ऋण वाटावे ते ‘हिस्ट्री ऑफ हिंदू केमिस्ट्री’ या ग्रंथामुळे (खंड पहिला १९०२, दुसरा १९०९). फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून या कार्यास चालना मिळाली. ‘रसार्णव’ या ग्रंथाचे संपादनही त्यांनी केले. मात्र राय हे केवळ गौरवगान करणारे नव्हते. या देशात प्रायोगिक विद्येचा ऱ्हास का झाला, याची मीमांसा करताना त्यांनी जातिव्यवस्थेवर बोट ठेवले : बुद्धीने विचार करणारा वर्ग आणि हाताने काम करणारा कारागीर यांची फारकत झाली व प्रयोग थांबले. हे वाचून आपण अस्वस्थ व्हावे. ग्रंथातील पाठ मुखोद्गत असलेला वैद्य आणि भट्टीपाशी अग्नी सांभाळणारा कामगार यांच्यात आजही किती संवाद असतो?

राय यांनी स्वतः ही दरी मानली नाही. १८९२ मध्ये सुमारे सातशे रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरी औषधनिर्मिती सुरू केली (वाळत घातलेल्या हाडांच्या दुर्गंधीने शेजारी त्रस्त झाले, ते वेगळे!), १९०१ मध्ये तिचे ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ या कंपनीत रूपांतर झाले. वासा, कुटज, कालमेघ, यवानी ही आपली द्रव्ये सरबत, अर्क अशा रूपांत तेथून डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

२००४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. ‘परीक्षकांना भस्म कळत नाही’ हे उत्तर अपुरे आहे. मकरध्वज सिद्ध झाल्यावर बहुतेक सुवर्ण कूपीच्या तळाशी उरते, हे प्रत्येक निर्माता जाणतो. ते तोलून, पाकाच्या तारखेसह नोंदवहीत लिहिणारे निर्माते किती, याचे उत्तर आपल्या नोंदवह्यांतच मिळेल.